तांबी, सुई आणि सुट्टीवर आलेला नवरा
(घरातलं आरोग्य : लेखांक ६)

तांबी, म्हणजे कॉपर-टी, शरीरात काय करते ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तांबी आणि पाळणा लांबवायची इतर साधनं घेऊन मोहल्ल्यात जाऊ. पनवेलहून निघालेली गाडी नागोठण्यानंतर निडीला थांबते, मग रोहे. इथपासून खाली मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. इथल्या लग्न झालेल्या बाईला पाळणा लांबवायचं एखादं तरी साधन ठाऊक आहे का विचारलं, तर 'नाही' क्वचितच ऐकू येईल. भिंतीवरचा लाल त्रिकोण आणि दारी येणारी आशाताई यांनी ते काम केव्हाच केलंय. पण ऐकलेलं सगळं वापरात येत नाही. मग लोक पटकन बोट दाखवतात धर्माकडे.

मला हे उत्तर आळशी वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.४ वर आला. धर्म तर तोच आहे. शिवाय कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मजहबाचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या त्या शाखेचे, आणि 'अज़्ल'ला, म्हणजे वीर्य बाहेर सोडण्याच्या जुन्या उपायाला, बायकोच्या प्रकृतीसाठी आणि पोराबाळांच्या ओढाताणीपायीही मुभा देणारे इमाम गझाली याच मजहबाचे. तेही नऊशे वर्षांपूर्वी. कायमच्या ऑपरेशनला मात्र बहुतेक उलेमांची ना आहे, आणि आपला सरकारी कार्यक्रम वर्षानुवर्षं ऑपरेशनवरच उभा आहे. त्यात आणीबाणीतली नसबंदीची सक्ती.

खरी अडचण बारीक आहे. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाते. 'अंतरा'ची, म्हणजे पाळणा लांबवायची, सुई घेतली की अधूनमधून डाग दिसतात. सिस्टर सांगते, 'होतं तसं, घाबरू नका.' तिच्या दृष्टीने विषय संपतो, बाईचा तिथेच सुरू होतो: नमाज पढायची की नाही? रमजान असेल तर रोजा धरायचा का? पाळीत दोन्ही माफ. रोजे नंतर भरून काढायचे. शाफई मतानुसार पाळी जास्तीत जास्त पंधरा दिवसांची धरतात. त्यापुढचं रक्त 'इस्तिहाजा', म्हणजे पाळीबाहेरचं. त्यात वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, करून नमाज पढायची आणि रोजाही धरायचा. पण रोजचा हिशेब कोण ठेवणार? दोन महिने गोंधळात गेले की बाई तांबी काढून येते, आणि नोंदवहीत 'त्रास झाला' एवढंच लिहिलं जातं. हे आधी कुणी नीट समजावलं असतं, तर तिने कदाचित आठवड्याची 'छाया' गोळी निवडली असती. तीत संप्रेरक नाही. पाळी लांबू शकते.

दुसरी गोष्ट आखाताची. नवरा दुबईत किंवा कुवेतमध्ये, वर्षा-दोन वर्षांनी महिना-दोन महिन्यांच्या रजेवर येणार. त्याच्यासाठी बारा महिने रोज गोळी कोण घेईल? आणि तो नसताना उपकेंद्रात गोळ्या मागायला गेलं, तर रांगेतल्या शेजारणीच्या भुवया चढतात. म्हणून तयारी सुरू होते तो विमानतळावर उतरल्यावर. 'माला-एन' ही रोजची गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच भरवसा; नंतर सुरू केली तर सात दिवस निरोध हवाच. 'अंतरा'ची एक सुई तीन महिने पुरते, म्हणजे अख्खी रजा निघते. मात्र ती सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्या रजेत मूल हवं असेल, तर हे आजच मोजायला हवं. तान्हं बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने 'माला-एन' नाही.

नवऱ्याची सही लागते का, हा प्रश्न बायका हमखास विचारतात. तांबीला नाही, सुईला नाही, सरकारी नियमाप्रमाणे ऑपरेशनलासुद्धा नाही. नवऱ्याने स्वतःचं ऑपरेशन करून घेण्याबद्दल पुढच्या आठवड्यात.