जाड काँक्रीटचा ताप

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये घराचा स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट-वाळूची आळी घालून पाणी साठवतात. ‘सिमेंटला हात आखडू नका’ अशी ताकीद ठेकेदाराला आधीच दिलेली असते. चार-पाच इंचांच्या स्लॅबला हे पाणी हवंच, आणि सिमेंट थोडं जास्त पडलं तरी त्याची उष्णता वरून-खालून निघून जाते. धरणाच्या किंवा पुलाच्या पायाच्या कित्येक फूट जाड काँक्रीटमध्ये मात्र हीच समजूत घात करते. पाणी लागताच सिमेंटमध्ये रासायनिक क्रिया सुरू होऊन उष्णता निर्माण होते. जाड ठोकळ्याच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही आणि पृष्ठभाग मात्र रात्रीच्या गारव्याने निवतो. तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर मीटरमागे सुमारे ०.२ मिलिमीटर आकुंचन होऊ पाहतं. पोट त्याला अडवतं, पृष्ठभाग ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. म्हणून तडा जातो.

यावर खरा उपाय म्हणजे सिमेंटच कमी करणं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याच्या हद्दीवर, २५० मेगावॉटच्या घाटघर जलविद्युत प्रकल्पासाठी रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं भारतात प्रथम उभी राहिली. त्यांत सिमेंटची मोठी जागा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेने घेतली. राख म्हणजे भेसळ, असा आक्षेप घेतला जातो. पण बारीक, तपासलेली राख सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी संयोग पावून स्वतःच बंधक बनते. ती हे काम सावकाश करते, म्हणून उष्णताही सावकाश निघते. ताकद यायला वेळ लागतो हा आक्षेप खरा आहे. पण धरणावर पाण्याचा पूर्ण भार काही महिन्यांनी येतो, तेवढी सवड तिथे असते. पुलाच्या पायाला ती नसेल, तर पाण्याऐवजी बर्फ घालून मिश्रण आधीच थंड करतात. अमेरिकेतल्या हूवर धरणात तर काँक्रीटमध्येच नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवलं होतं.

पाणी मारण्याचा नियमही इथे जपून पाळावा लागतो. तापलेल्या ठोकळ्यावर थंड पाणी ओतलं, तर पृष्ठभाग आणखी आकसतो. म्हणून तो ओलसर ठेवून गोणपाट किंवा थर्मोकोलने झाकतात आणि आत पुरलेल्या तारांवरून तापमान मोजत राहतात. ऊब राखून तडा टाळायचा, हे उलटं वाटेल. पण जाड काँक्रीटचं आयुष्य त्याला हळूहळू निवू देण्यावरच अवलंबून असतं.