ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीतील गंज पेरणीआधीच काढा
सप्टेंबरच्या पावसानंतर वाफसा येतो, जुळे सोलापूरच्या पलीकडच्या शिवारांत रब्बी ज्वारीची घाई सुरू होते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर बंद पडतो. अर्ध्या टाकीवर ट्रॅक्टर उभा राहिला की आतल्या दमट हवेचे पाणी होते, पत्रा गंजतो, पूड फिल्टरमध्ये अडकते. नुसता फिल्टर बदलून भागत नाही.

टाकी उतरवून रिकामी करा. जवळ विडी, ठिणगी नको. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवा, नाहीतर आम्ल पत्र्यापर्यंत पोचत नाही. दर १० लिटर पाण्याला अर्धा किलो सायट्रिक ॲसिड घालून टाकी भरा, रात्रभर ठेवा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, डिझेलने खंगाळा. संडास धुण्याचे ॲसिड चांगला पत्राही खाते, ते नकोच. यापुढे काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवा.