अभ्यासिकेची खोली आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य

परीक्षांचा हंगाम जवळ आला की दवाखान्यांतून एका ठराविक वयाच्या मुलामुलींची गर्दी वाढते. कोणाचे डोके दुखते, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाची मान अवघडते, तर कोणाला पुस्तक उघडताच झापड येते. सोबत आलेले आईवडील म्हणतात, "फार अभ्यास करतो हो, एखादे शक्तीचे औषध द्या." तपासणीत पुष्कळदा विशेष काही आढळत नाही. अशा वेळी टॉनिकची बाटली लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : हा मुलगा रोज आठ-दहा तास जिथे बसतो, ती खोली कशी आहे?

घरी जागा अपुरी, दूरदर्शनचा आवाज, पाहुण्यांची ये-जा. म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा गावातील अभ्यासिकेत बसणारी मुले पुष्कळ आहेत. परंतु अशी जागा उभारताना आपण आधी कपाटे मोजतो, मग खुर्च्या. खुर्चीवर बसणाऱ्याचे डोळे, पाठ, फुप्फुसे आणि मेंदू यांचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही.

आधी विद्यार्थी पाहा

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ साली निराळी वाट धरली. विद्यार्थी अभ्यास नेमका कसा करतात हे पाहण्यासाठी तेथे नॅन्सी फ्रीड फॉस्टर या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक महिलेची मदत घेण्यात आली. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे देऊन अभ्यासाच्या जागांची छायाचित्रे काढायला सांगितले, दिवसभराच्या हालचाली नकाशावर नोंदवायला लावल्या आणि मनासारख्या ग्रंथालयाचे चित्र काढवून घेतले. २००७ साली हे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथालयाचे कर्मचारी घरी गेल्यावर रात्री उशिरा अनेकांचा अभ्यास रंगात येतो, असे दिसले. एकट्याने वाचायला शांत कोपरा, चौघांनी मिळून बसायला टेबल, नैसर्गिक उजेड आणि जवळपास खाण्यापिण्याची सोय, या मागण्याही पुढे आल्या. सगळ्या मागण्या साध्याच आहेत, पण विचारल्याखेरीज त्या कळत नाहीत.

हवा

वीस फुटी बंद खोलीत चाळीस मुले बसली की श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डोके जड होणे, जांभया येणे याचे एक कारण ही कोंदट हवा असते. उघड्यावरील हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. बंद, भरलेल्या खोलीत ते हजाराच्या वर सहज जाते. २०१२ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत २२ जणांवर प्रयोग झाला. हे प्रमाण ६०० वरून १,००० व २,५०० पर्यंत नेले असता निर्णय घेण्याची क्षमता उतरत गेली. पुढच्या सर्वच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही. पण कोंदट खोली त्रासदायक असते याबद्दल दुमत नाही.

याहून गंभीर गोष्ट क्षयरोगाची. हा रोग हवेतून पसरतो आणि बंद, गर्दीच्या जागी त्याचे फावते. भिंतीवरचा नेहमीचा ए.सी. खोलीतील तीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आणत नाही, हे ध्यानात ठेवावे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे व एक्झॉस्ट पंखा लावणे हा स्वस्त उपाय होय. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या इमारतीतील वाचनकक्ष १८७८ सालचा. उंच छत आणि मोठाल्या खिडक्या तेव्हाच्या बांधणाऱ्यांनी केवळ शोभेसाठी ठेवल्या नव्हत्या.

उजेड आणि बैठक

वाचनाच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असावा. मोजण्याचे साधन नसले तरी एक खूण सोपी आहे : बारीक अक्षर वाचताना पुस्तक डोळ्यांजवळ न्यावे लागत असेल, किंवा स्वतःच्याच डोक्याची सावली पानावर पडत असेल, तर दिव्याची जागा चुकली आहे. खिडकी डाव्या बाजूला असली तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. वाचताना, विशेषतः मोबाईल वा संगणकाकडे पाहताना, पापण्यांची उघडझाप कमी होते व डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर पाहावे. यासाठीही खिडकी हवी. समोर नुसती भिंत असेल तर नजर जायची कुठे?

खुर्चीवर बसल्यावर पावले जमिनीला टेकली पाहिजेत आणि पाठीला आधार मिळाला पाहिजे. हात टेबलावर ठेवताना खांदे उचलावे लागू नयेत. प्लास्टिकची एकाच मापाची खुर्ची सर्वांना सोयीची होत नाही. उंची कमी असेल त्याला पायाखाली लाकडी पाट द्यावा. तासाभराने उठून चार पावले चालावे.

बोलण्यालाही जागा हवी

"शांतता राखा" ही पाटी आवश्यकच आहे. पंख्याच्या एकसुरी आवाजापेक्षा शेजारची कुजबुज वाचनात अधिक व्यत्यय आणते, कारण कान शब्दांकडे ओढला जातो. परंतु अभ्यास म्हणजे केवळ मुकाट वाचणे नव्हे. २००६ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे असतात. मोठ्याने म्हणून पाहणे, मित्राला समजावून सांगणे, फेऱ्या घालत उजळणी करणे याला जागा लागते. व्हरांडा, गच्ची किंवा पलीकडची लहान खोली यासाठी मोकळी ठेवली की आतली शांतताही टिकते.

न बोलली जाणारी अडचण

स्वच्छतागृह नाही किंवा घाणेरडे आहे म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. परिणामी लघवीची जळजळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता व डोकेदुखी मागे लागते. मुली हे घरीही सांगत नाहीत; दूरच्या खोलीवर जातात किंवा अभ्यासिकाच सोडतात. मुलींसाठी वेगळे, आतून कडी लागणारे, पाणी व दिवा असलेले स्वच्छतागृह ही चैन नव्हे. तो ग्रंथालयाचाच भाग समजावा. पिण्याच्या पाण्याचे पिंप झाकलेले असावे.

अभ्यासिका रात्रभर उघडी राहिली तरी शरीराची गरज बदलत नाही. वाचलेले पक्के होण्यासाठी झोप लागतेच. तरुणांनी किमान सात तास झोपावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सर्वच दुखण्यांचा दोष खोलीला देऊ नये. डोकेदुखी टिकून राहिल्यास चष्म्याचा नंबर व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. लघवीच्या जळजळीबरोबर ताप किंवा कमरेच्या वर दुखणे असेल तर विलंब करू नये.

संस्थाचालक, ग्रंथपाल आणि पालक यांना एकच विनंती. नवी इमारत बांधण्यापूर्वी किंवा आहे ती रंगविण्यापूर्वी एखाद्या दुपारी विद्यार्थ्याच्या खुर्चीवर सलग दोन तास बसून पाहा. नंतर शेजारच्या मुलाला आणि मुलीला विचारा, "तुला इथे काय अडते?" जी यादी मिळेल, तिच्यातील निम्मी कामे खिडकी उघडून, दिवा सरकवून आणि कडी बसवून होण्यासारखी असतील.