अल्प-कंप्रता रेडिओ संकेतांसाठी विवर्धकाची निवड

रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनाने टिपलेला अतिक्षीण संकेत सर्वप्रथम वाढविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलास अल्पगोंगाट विवर्धक म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण याचे ठळक उदाहरण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. मूळ रचनेत ती १५०, २३३, ३२७, ६१० व १४२० मेगाहर्ट्झ या कंप्रतांच्या आसपास निरीक्षणे घेत असे.

पहिल्या टप्प्याचे महत्त्व

विवर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो आणि त्यात स्वतःच्या गोंगाटाची भर घालतो. ही भर केल्विनमध्ये, गोंगाट-तापमान म्हणून, मोजतात. पहिल्या टप्प्याचे विवर्धन १०० पट (२० डेसिबेल) असल्यास दुसऱ्या टप्प्याचा ३०० केल्विन गोंगाट एकूणात केवळ ३ केल्विनची भर घालतो. याउलट, विवर्धकापूर्वीच्या केबलमध्ये १ डेसिबेल क्षय झाला, तर सामान्य तापमानाला सुमारे ७५ केल्विनची भर पडते. म्हणून पहिला विवर्धक अँटेनाच्या नाभीजवळच बसवितात.

आकाशाचा गोंगाट

आकाशगंगेतून येणारे रेडिओ प्रारण कमी कंप्रतेस झपाट्याने वाढते. आकाशाचे तापमान १५० मेगाहर्ट्झला सुमारे ३००, तर ३२७ मेगाहर्ट्झला सुमारे ४० केल्विन असते. १४२० मेगाहर्ट्झला ते काही केल्विनच उरते. जमिनीचा व इतर वाटा वगळल्यास, विवर्धकाचे गोंगाट-तापमान ५० वरून ३० केल्विनवर आणल्याने १५० मेगाहर्ट्झला एकूण गोंगाट सुमारे ६ टक्के, तर १४२० मेगाहर्ट्झला एक तृतीयांशाहून अधिक घटतो. त्यामुळे कमी कंप्रतेस विवर्धक द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत थंड करण्याचा खर्च सार्थकी लागत नाही. जीएमआरटीचे विवर्धक परिसराच्या तापमानावरच चालतात.

रेखीयता

कमी कंप्रतेस खरी कसोटी रेखीयतेची असते. प्रबळ व्यत्ययाने विवर्धक संपृक्त झाल्यास तो आकाशात नसलेले संकेत निर्माण करतो. उदाहरणार्थ, १५८ व १६६ मेगाहर्ट्झच्या दोन प्रबळ लहरींच्या मिश्रणातून १५० मेगाहर्ट्झला एक खोटा संकेत उमटतो. पुढे कितीही गाळण केले तरी तो वेगळा काढता येत नाही. विवर्धकापूर्वी गाळणी बसविल्यास संरक्षण मिळते, मात्र तिच्या क्षयामुळे गोंगाट वाढतो; या दोहोंचा मेळ घालणे हाच निवडीचा गाभा होय. विस्तृत पट्ट्यांच्या सुधारित जीएमआरटीत ही अडचण अधिक तीव्र होते.

स्थानिक परिस्थिती

खोडदची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचे अल्प प्रमाण हा एक निकष होता. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वीजवाहिन्यांवरील ठिणग्या आणि वाढती दळणवळण-साधने या शांततेला बाधा आणू शकतात. दूरस्थ हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे कमी कंप्रतेस सरकते. अतिप्राचीन हायड्रोजनचा तो क्षीण माग एका खोट्या संकेताखालीही झाकला जाऊ शकतो.