रंगाआडची ओल आणि घरातला खोकला

दुष्काळी जिल्हा ही आपल्या बीडची ओळख. त्यामुळे घरातील ओलीने माणसे आजारी पडतात असे सांगितले, तर पुष्कळांना ते पटत नाही. परंतु ओल येण्यासाठी मुसळधार पाऊसच लागतो असे नाही. जुन्या माळवदातून झिरपणारे पाणी, मोरीचा फुटका पाइप, गच्चीवरील टाकीची गळती किंवा पायातून भिंतीत वर चढणारा ओलावा, एवढे पुरेसे होते.

पावसाळा संपत आला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. उन्हाळ्यात जुने घर विकत घेतलेले असते. रंग ताजा, भिंती कोरड्या. भाद्रपदात रंगाला फुगे येतात, कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात आणि लहान मूल रात्रभर खोकू लागते. औषधाने चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मूल मामाच्या गावी गेले की खोकला थांबतो, परतले की सुरू होतो. ही खूण डॉक्टरांना अवश्य सांगावी.

ओलसर भिंतीवर बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात. दमट अंथरुणात धुळीतले बारीक किडेही वाढतात. त्यामुळे सकाळच्या शिंका, नाक चोंदणे, रात्रीचा खोकला व धाप असा त्रास होतो. दमेकरी, लहान मुले व वृद्ध यांना तो अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे मूल श्वसनविकाराने दगावले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण, असे २०२२ मधील चौकशीत ठरले.

जुने घर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

१) शक्यतो पावसाळ्यात घर पाहावे. बंद खोली उघडताच कुबट वास येतो का?

२) एकाच भिंतीला नवा रंग किंवा प्लायवूड असल्यास कारण विचारावे. कपाट सरकवून मागे पाहावे.

३) गिलावा बोटाने वाजवावा. पोकळ आवाज, पांढरा लोणा किंवा खार ही ओलीची लक्षणे होत.

४) शंका असल्यास भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस दव जमले, तर ओल भिंतीतच आहे.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला व घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे.

ओल आढळल्यास आधी पाण्याचे मूळ बंद करावे. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नये. थोडी बुरशी असल्यास नाकातोंडावर फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. दमेकऱ्याने हे काम करू नये. दम्याचे औषध मनाने थांबवू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास सगळा दोष ओलीला न देता सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा, ही तपासणी मोफत होते.

रंगाने ओल डोळ्यांना दिसेनाशी होते, फुप्फुसांना मात्र ती कळतेच.