चाकवताच्या घरातला किनोआ

किनोआ पहिल्यांदा शिजवणाऱ्याला पातेल्यावरचे झाकण काढताच शंका येते. दाणे फुलून काचेसारखे झालेले असतात आणि जवळजवळ प्रत्येकाला एक पांढरी, बारीक, वळलेली शेपटी सुटलेली असते. अळ्या पडल्या असे वाटून सगळे ओतून देण्याचा मोह होतो. ओतू नये. ती शेपटी म्हणजे दाण्यातला अंकुर. किनोआच्या पोषणाबद्दल जे काही बोलले जाते, त्यातले बरेचसे याच शेपटीत आहे.

भाताच्या दाण्यात अंकुर एका टोकाला, टिकलीएवढा असतो. वजनाने जेमतेम दोन-तीन टक्के. उरलेला दाणा म्हणजे रोपासाठी ठेवलेला पिष्टाचा साठा. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर हा अंकुरही निघून जातो आणि आपण खातो तो जवळजवळ निव्वळ साठा. किनोआची रचना उलटी आहे. तिथे अंकुर दाण्याच्या कडेने कड्यासारखा फिरलेला असतो आणि वजनाचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, त्याचाच असतो. पिष्ट मधोमध. प्रथिने, तेल आणि बरीचशी खनिजे अंकुरात साठतात आणि दाणा अख्खा खाल्ला जात असल्याने ती आपल्यापर्यंत पोचतात. शिजताना पाणी शिरले की हे कडे सुटते, त्यालाच आपण शेपटी म्हणतो.

भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी ही सगळी गवते. किनोआ गवत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याला खऱ्या तृणधान्यांत धरत नाहीत आणि गव्हातले ग्लुटेनही त्यात नाही. मग तो कोणाचा कोण? उत्तरासाठी पनवेलच्या कुठल्याही भाजीवालीच्या पुढ्यात उभे राहावे. पालक, माठ, तांदुळजा, राजगिरा, बीट हे सगळे त्याच्याच कुळातले. पावसाळ्यात आसपासच्या वाड्यांवरून ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन येतात, त्यांच्या टोपलीतला कुर्डूही त्याच कुळातला. आणि चाकवत तर थेट सख्खा. चाकवत आणि किनोआ दोघांची प्रजाती एकच, चेनोपोडियम. थंडीत चाकवताची जुडी घेतलीत तर पान उलटे करून बघा. खालच्या बाजूला पिठासारखी पांढरट भुकटी दिसते. किनोआच्या पानावरही ती असते.

या भुकटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भिंगाखाली ते पाण्याने भरलेले इवले इवले फुगे दिसतात. किनोआ खाऱ्या जमिनीत तग धरतो, तेव्हा झाड नको असलेले मीठ या फुग्यांत कोंबून ठेवत असणार, असे बरीच वर्षे पुस्तकांत लिहिले गेले. कोपनहेगनच्या संशोधकांनी असे फुगेच नसलेली किनोआची झाडे मिळवली आणि ती खारात लावून पाहिली. ती काही साध्या झाडांच्या आधी माना टाकेनात. मात्र फुलकिड्यांनी त्यांच्यावर ताव मारला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ असा की फुगे मुख्यतः किडींपासून बचावाला आहेत. मीठ सोसण्याची कला मुळात आणि पेशींच्या आत आहे.

मिठाचा विषय पनवेलकरांना नवा नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या नावांचे भाताचे वाण इथे खारपड जमिनींसाठी तयार झाले. उधाणाचे पाणी बांध फोडून शेतात शिरते, पुढचा पावसाळा ते धुऊन काढतो, त्या धुतलेल्या मुदतीत भात उरकून घ्यायचा, ही इथली शेती. पाऊस संपला की जमीन वाळते, खालचे मीठ केशाकर्षणाने वर चढते आणि दुसरे पीक अवघड होऊन बसते. मातीतल्या क्षाराची विद्युतवाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साधा भात कुरकुरायला लागतो. किनोआचे काही वाण ४० पर्यंत टिकलेले आहेत, आणि समुद्राचे पाणी साधारण ५० असते.

मग पनवेलच्या खारात किनोआ का नको? अडचण मिठाची नसून हवेची आहे. अँडीज पर्वतात टिटिकाका सरोवराभोवती, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, काही हजार वर्षे वाढलेले हे पीक. कोरडी थंडी त्याला मानवते. फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ अंशांच्या वर गेला तर परागकण निकामी होतात. दाणा पक्व झाल्यावर पाऊस लागला तर तो झाडावरच उगवतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडणाऱ्या तालुक्यात खरिपाचा विचारच सोडावा. कोरड्या महाराष्ट्राचे तसे नाही. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथे मुरमाड, उथळ जमिनीत आणि मोजक्या पाण्यावर किनोआच्या चाचण्या झाल्या आहेत. देशात त्याची लागवड राजस्थानात आहे, आंध्र-तेलंगणातही काही भागांत होते. पनवेलच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटावर बोलिव्हियाऐवजी भारत लिहिलेले दिसते ते त्यामुळे.

त्याच पाकिटावर ‘सेंद्रिय’ असेही असते आणि किंमत आणखी चढते. या शब्दातून नेमके काय विकत मिळते, हे बघायला हवे. सेंद्रिय हे पिकवण्याच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे: रासायनिक खत नाही, कृत्रिम कीटकनाशक नाही, आणि हे तपासणारी यंत्रणा मागे उभी. केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे ‘जैविक भारत’ हे चिन्ह २०१७च्या नियमांतून आले. चिन्ह नसेल तर पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही. आणि चिन्ह असले तरी आतल्या दाण्यात प्रथिने जास्त आहेत असे ते सांगत नाही. कीटकनाशकांचे अवशेष कमी आणि माती बरी, हा त्याचा फायदा. तो पुरेसा वाटत असेल तर जास्तीचे पैसे द्यावेत. ‘जास्त पौष्टिक’ म्हणून देऊ नयेत.

सेंद्रिय असो वा नसो, किनोआ धुवावाच लागतो. दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. अँडीजमधल्या बायका किनोआ धुतलेल्या पाण्यात कपडे धुवत आल्या आहेत. कडवटपणामुळे पाखरे दाण्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्याला तो थर हवाच असतो. खाणाऱ्याला नको असतो. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१७ मध्ये किनोआचा जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सॅपोनिनची सूत्रे हलवणारे जनुकही सापडले. गोड वाण जाणूनबुजून घडवण्याची वाट त्यातून मोकळी झाली. तोवर बारीक जाळीच्या गाळणीत दाणे घ्यावेत, नळाखाली दोन्ही हातांनी चोळावेत आणि फेस येणे थांबेपर्यंत चोळत राहावेत. ‘आधीच धुतलेला’ लिहिलेल्या पाकिटालाही एकदा पाणी दाखवावे. पुष्कळांना किनोआ आवडत नाही याचे कारण किनोआ नसते, अर्धवट धुणे असते.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यांत किनोआ आहे. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, साडेसात मिलिग्रॅम लोह, २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात प्रथिने ८ ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. इथे थांबले तर जाहिरात तयार होते. पण त्याच तक्त्यात राजगिरा बघा: प्रथिने तेवढीच, लोह सुमारे ८. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या वर. कॅल्शियमला तर नाचणीच्या जवळ कोणी फिरकत नाही, ३६४ मिलिग्रॅम. शिवाय अमेरिकेच्या तक्त्यात किनोआचे कॅल्शियम फक्त ४७ आहे. वाण, माती आणि किती घासून धुतला यावर एवढा फरक पडतो. तेव्हा पाकिटामागचा आकडा वेदवाक्य मानू नये.

आणखी एक हिशेब हमखास चुकतो. १३ ग्रॅम हे कोरड्या दाण्याचे. शिजताना दाणा पाणी पितो आणि तिप्पट होतो. १०० ग्रॅम शिजलेल्या किनोआत उरतात साधारण साडेचार ग्रॅम प्रथिने आणि १२० कॅलरी. तेवढ्याच भातात अडीच-पावणेतीन ग्रॅम आणि १३० कॅलरी. म्हणजे कॅलरी जवळजवळ सारख्याच. ‘किनोआ खाऊन बारीक झालो’ यात किनोआपेक्षा ताटातल्या इतर बदलांचा हात मोठा असतो. खरा फरक तंतूंचा आहे. भातात ते नावाला असतात, किनोआत पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पोट लवकर भरते आणि रक्तातली साखर सावकाश चढते. मधुमेह असलेल्या माणसाला याचा उपयोग आहे, मात्र वाटी मोजूनच.

‘परिपूर्ण प्रथिन’ हा किनोआचा मोठा किताब. तो खरा आहे. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, किनोआत ते भरपूर आहे. पण डाळीतही ते भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते तांदळात असते. वरण-भात खाणाऱ्याने ही अडचण कधीच सोडवून ठेवली आहे. माझ्या मते किनोआचा सगळ्यात मोठा ग्राहक सिलिअ‍ॅक रोगाचा रुग्ण असावा, ज्याला गहू चालत नाही आणि तांदळाचा कंटाळा आलेला आहे. त्याच्यासाठी एक सूचना: किनोआ गिरणीत दळायला देऊ नये. जात्यात आधीचा गहू उरलेला असतो आणि चिमूटभर पीठही त्याला पुरते. घरच्या मिक्सरमध्ये दळावा.

उपवासाला चालतो का, हा प्रश्न घरोघर निघतो. वनस्पतिशास्त्राला विचारले तर पंचाईत होते, कारण ज्या वरीच्या तांदळाला आपण उपवासाला बसवले आहे ते खरेखुरे गवत, म्हणजे अस्सल धान्य. राजगिरा गवत नाही. त्याच न्यायाने किनोआ चालायला हवा. शिवाय साबुदाण्याच्या खिचडीकडे नीट पाहा. ज्या कसाव्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीजमधला, मिरचीही अमेरिका खंडांतूनच आलेली. राजगिऱ्याची लागवडही पहिल्यांदा त्याच बाजूला झाली. एकादशीच्या ताटात किनोआ आलाच तर त्याला गाववाले भेटतील. निर्णय घरच्या आजींनी द्यावा.

शिजवण्याकडे वळू. एक वाटी धुतलेल्या किनोआला दोन वाट्या पाणी, भिजवलेला असेल तर पाव वाटी कमी. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे. पंधरा मिनिटांत शेपट्या सुटतात. मग गॅस बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नये, नंतर काट्याने मोकळा करावा. कुकरमध्ये लगदा होतो, तो मुगाच्या खिचडीलाच चालतो. उपमा करताना आधी कोरड्या कढईत दाणे खमंग वास सुटेपर्यंत परतले तर त्याचा हिरवट उग्रपणा जातो.

रायगडच्या स्वयंपाकघरात त्याची जोडी जमते ती वालाशी. भिजवून, मोड आणून, सोललेले कडवे वाल हिंग-ओव्याच्या फोडणीवर घालावेत आणि अर्धे शिजू द्यावेत. वालाला वेळ लागतो, किनोआला लागत नाही. दोन्ही एकदम टाकले तर वाल टचटचीत राहतात आणि किनोआ विरघळतो. वाल बोटाने दबू लागले की मग किनोआ, गूळ, गोडा मसाला, मीठ आणि गरम पाणी. वरून ओले खोबरे आणि लिंबू. लिंबू चवीपुरते नाही. दाण्यातल्या फायटिक आम्लाने लोह बांधून ठेवलेले असते, ‘क’ जीवनसत्त्व त्यातले काही सोडवते. जेवणावर लगेच चहा घेतला की चहातले टॅनिन ते पुन्हा अडवते.

किनोआच्या पिठाची भाकरी थापताना तुटते, ग्लुटेनच नाही म्हणून. तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढावी. उकळत्या पाण्यात पिष्ट फुगून चिकट होते आणि तेच पिठाला धरून ठेवते. अर्धे पीठ तांदळाचे घेतले तर सवय नसलेल्या हातालाही जमते.

आणि थंडीत चाकवत स्वस्त झाला की त्याची ताकातली पातळ भाजी करताना हरभऱ्याच्या डाळीबरोबर मूठभर किनोआ टाकून पाहावा. पिठल्यासारखी दाट होते, बेसन कमी लागते. डाळ आधी भिजवलेली हवी. किनोआ शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि ताक घातल्यावर सतत ढवळत राहावे, नाहीतर फुटते. घरी किनोआ नसेल तर राजगिरा घाला, फक्त तो पाच-सात मिनिटे जास्त शिजवावा लागतो.