सहेरीच्या वेळची स्वप्ने

रमजान सुरू झाला की घराघरांत एक विषय हमखास निघतो. सहेरीला उठलेले माणूस डोळे चोळत म्हणते, "आज काय विचित्र स्वप्न पडलं!" वर्षभर ज्यांना स्वप्न आठवत नाही, त्यांनाही या महिन्यात ते आठवते. मग चहाबरोबर अर्थ लावणे सुरू होते. दात पडला म्हणजे घरातले कोणी जाणार, साप दिसला म्हणजे दुश्मन, पाणी दिसले म्हणजे पैसा. दुपारी झोपलेला लहानगा रोजेदार स्वप्नात ताडगोळे खातो आणि रडवेला होऊन विचारतो, "अम्मी, माझा रोजा तुटला का?" तुटत नाही. झोपेत घडलेल्या गोष्टीचा हिशेब मागितला जात नाही, ही शरीयतची सवलत आहे.

रमजानमध्ये स्वप्ने जास्त का आठवतात, याचे उत्तर झोपेच्या घडणीत आहे. शिकागो विद्यापीठात १९५३ मध्ये युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली. तिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात. ठळक स्वप्ने बहुतेक याच अवस्थेत पडतात. ती साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरत जाते तशी लांबत जाते. पहाटे ती सर्वांत मोठी असते आणि नेमके त्याच वेळी सहेरीसाठी उठावे लागते. स्वप्न अर्धवट तुटते, म्हणून ध्यानात राहते. पहाटेचे स्वप्न खरे होते, हा समज कदाचित यातूनच रुजला असेल.

कुरआन आणि हदीस काय सांगतात

इस्लामने स्वप्नाला थट्टेवारी नेले नाही आणि डोक्यावरही बसवले नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर वह्य येऊ लागली तिची सुरुवात खऱ्या स्वप्नांनी झाली, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात ऐकू आले. लैलतुल कद्र शेवटच्या सात रात्रींत असल्याचे काही सहाबांना स्वप्नात दिसले, तेव्हा ती त्याच रात्रींत शोधा, असे पैगंबरांनी सांगितले.

पण प्रत्येक स्वप्न असे नसते. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार येतात: अल्लाहकडून आलेली खुशखबर, सैतानाने दाखवलेली भीती आणि माणसाच्या स्वतःच्या मनात घोळणाऱ्या गोष्टी. चौदा शतकांपूर्वी सांगितलेला हा तिसरा प्रकार आजच्या मानसशास्त्राच्या फार जवळचा आहे. आपली रोजची बहुतेक स्वप्ने याच खात्यातली असतात. परीक्षा संपून वीस वर्षे झाली तरी पेपर कोरा राहिल्याचे दिसते. कोणी पाठलाग करते, पाय उचलत नाहीत. उंचावरून पडताना दचकून जाग येते.

वाईट स्वप्न पडले तर काय करावे, हेही स्पष्ट सांगितले आहे. डावीकडे तीनदा हलके थुंकल्यासारखे करावे, सैतानापासून अल्लाहचा आश्रय मागावा, कूस बदलावी, वाटल्यास उठून नमाज पढावी आणि ते कोणाला सांगू नये. मग ते काही अपाय करत नाही. आपले मुंडके तुटून घरंगळत गेले आणि आपण त्याच्यामागे धावलो, असे स्वप्न एकाने पैगंबरांना सांगितले होते. त्यावर ते हसले आणि सैतानाने झोपेत केलेला खेळ लोकांना सांगत बसू नका, असे म्हणाले.

ख्वाबनाम्याचा घोटाळा

बाजारात मिळणाऱ्या ख्वाबनाम्यांवर बहुधा इब्न सिरीन यांचे नाव असते. बसऱ्याचे हे विद्वान इ. स. ७२९ मध्ये वारले. त्यांच्या नावावरचे ग्रंथ मात्र नंतरच्या काळात तयार झाले, असे अभ्यासक मानतात. त्यांची एक गोष्ट सांगतात. दोन माणसे आली. दोघांनाही स्वप्नात आपण अजान देत असल्याचे दिसले होते. इब्न सिरीन एकाला म्हणाले, तुला हज घडेल. दुसऱ्याला म्हणाले, तुझ्यावर चोरीचा आळ येईल. स्वप्न एकच, पण माणसे वेगळी होती, म्हणून ताबीरही वेगळी. साप म्हणजे अमुक आणि दात म्हणजे तमुक अशी छापील यादी त्यामुळेच कामाची नाही. डहाणूच्या चिकूवाडीत राबणाऱ्याला दिसलेला साप आणि मुंबईच्या इमारतीत राहणाऱ्याला दिसलेला साप एक नव्हे. दर्यावर गेलेल्या माणसाच्या घरी दिसलेले पाणी म्हणजे पैसा नसून काळजी असते.

इस्तिखाऱ्याबाबतही असाच गैरसमज आहे. इस्तिखारा केला की स्वप्न पडलेच पाहिजे, असे अनेकांना वाटते. हदीसमधल्या दुआत स्वप्नाची अट कोठेही नाही. सल्ला घ्यावा, दुआ करावी आणि पाऊल उचलावे. स्वप्न पडले नाही म्हणून मुलीचे स्थळ किंवा शस्त्रक्रिया लांबवणे हा त्या दुआचा अर्थ नव्हे.

हलणारी जमीन

डहाणू आणि तलासरीत या विषयाला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धक्के उथळ असल्याने जमिनीतून स्फोटासारखा आवाज येई. भिंतींना तडे गेले. ऐन थंडीत कुटुंबे घर सोडून उघड्यावर आणि तंबूंत झोपली. ज्या घरात निवारा शोधायचा, त्याचीच भीती वाटू लागली.

अशा जमिनीवर झोपणाऱ्याला घर कोसळल्याचे स्वप्न पडले, तर ते अपशकुन नव्हे. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ भूकंप झाला. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी त्या भागातले विद्यार्थी आणि दूरच्या ॲरिझोनातले विद्यार्थी यांच्या झोपेची तुलना केली. भूकंप भोगलेल्यांना भयस्वप्ने जास्त पडत होती आणि त्यांत भूकंपच दिसत होता. मन जे सोसते, तेच रात्री उगाळते.

तुटक झोपेत आणखी एक अनुभव येतो. डोळे उघडतात, पण अंग हलत नाही आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. स्वप्नाच्या अवस्थेत स्नायू सैल पडलेले असतात. शरीर जागे होण्याआधी मन जागे झाले की असे होते. अपुऱ्या झोपेमुळे याचा संभव वाढतो, म्हणून रमजानमध्येही हे घडू शकते. पाड्यावर याला भूत म्हणतात, मोहल्ल्यात जिन्न. मग कोणी भगताकडे जाते, कोणी ताविजवाल्याकडे, आणि दिवसभराची मजुरी तिथे जाते. खरे तर थोड्या वेळात अंग आपोआप मोकळे होते. तरावीहनंतर गप्पांत न रमता झोपावे, जमल्यास दुपारी थोडी विश्रांती घ्यावी. तेच भयस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, मूल झोपायलाच घाबरत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. दिवसा, शांत मनाने, त्या स्वप्नाचा शेवट बदलून तो मनात घोळवण्याची उपचारपद्धतीही उपयोगी ठरली आहे.

सूरह यूसुफमध्ये मिसरच्या राजाला सात धष्टपुष्ट गायी आणि त्यांना खाणाऱ्या सात रोड गायी दिसतात. हजरत यूसुफ (अलै.) यांनी त्याची ताबीर सांगितली, पण राजाला घाबरवले नाही आणि उताराही सांगितला नाही. सात वर्षे शेती करा, धान्य कणसातच राखून ठेवा, जरुरीपुरतेच खा, असे सांगितले. स्वप्नाचे रूपांतर कामात झाले आणि दुष्काळात माणसे जगली. तलासरीतल्या आईला घर पडल्याचे स्वप्न पडले, तर तिने आऊजु बिल्लाह म्हणून कूस बदलावी. सकाळी भिंतीचा तडा बुजवून घ्यावा, उशाजवळच्या फळीवरचा जड डबा खाली ठेवावा आणि धक्का बसल्यावर कोठे जायचे ते मुलांना दाखवून द्यावे. त्या स्वप्नाची याहून चांगली ताबीर नाही.